पहिल्या वर्गाचा विक्रेता

माझ्या थोरल्या भावाचं सीताबर्डीला विहिरीवरच्या पंपांचं दुकान होतं. मी कचेरीत कारकून. संध्याकाळी त्याच्या दुकानात बसून आकडे जमवून देत असे. ते पंप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या विक्रेत्यांचे तीन वर्ग पाडले होते. वर्षाला कंपनीकडून दोनशे पंप विकत उचलले की पहिला वर्ग, मग ते पुढे खपोत न खपोत. त्या माणसाला बायकोसकट वार्षिक सभेसाठी विमानाने मुंबईला नेत आणि पहिल्या रांगेत बसवत. दुसऱ्या वर्गाला रेल्वेचं तिकीट, तिसऱ्याला नुसतं पत्र.

शिवाय दसऱ्याला कंपनीचा साहेब गाडीतून पहिल्या वर्गवाल्याच्या घरी सोनं द्यायला येई. नागपुरात असं घर एकच होतं, भावाचं. साहेब आपट्याची पानं हातात देऊन भावाच्या पाया पडे, आणि तोवर शेजारी आपापलं सोनं घेऊन फाटकाशी थांबून राहत. त्या दिवशी भाऊ दुपारपासून इस्त्रीचे कपडे घालून बसलेला असे.

मात्र एप्रिल लागला की सगळं पुन्हा शून्यावर. आदल्या वर्षी दोनशेच्या वर कितीही उचलले असले तरी ते पुढे धरत नसत.

ऐंशी सालच्या आसपास नरखेडकडच्या विहिरी आटल्या. संत्र्याच्या बागा जगवायला लोक बोअर खोदू लागले. बोअरमध्ये पाण्यात बुडून चालणारा पंप लागतो, आणि तो आमची कंपनी बनवत नव्हती. जी बनवत होती, तिचा माणूस फेब्रुवारीत आपणहून दुकानात आला. नागपूरची एजन्सी देतो म्हणाला. अट एकच: जुनी सोडायची. महिनाअखेर कळवा म्हणाला.

त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "दादा, घेऊन टाक."

"काहून सोडू गा? दोनशेले एकोणचाळीसच तर कमी पडून राहिले."

"ते एकोणचाळीस घेईन कोण?"

"मी घेतो."

"आन् मंग विकशीन कोणाले?"

"तुले. कचेरीत लाव, तुया साहेबाले पाणी पाज."

वहिनी वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, यायले नका समजावू. मागच्या खेपेले इमानात भेटलेला कापूस यायनं घरी येईपर्यंत कानातून काढला नाही."

"आन् तू इमानातल्या गोळ्या पदरात बांधून आणल्या, ते सांग नं!"

आम्ही तिघंही हसलो. मग भाऊ ताटाकडे पाहत म्हणाला, "बावन्न वर्षाचा होऊन राहिलो. त्या कंपनीत मले कोण वळखते? आता तिसऱ्या वर्गात जाऊन बसू?"

मी बोलत राहिलो. वर्षात उचललेले किती, खरे विकले गेलेले किती, पुढच्या वर्षी किती विकले जातील. त्याने एकही आकडा खोडला नाही. हिशेब त्याला माझ्याइतकाच कळत होता.

मार्चमध्ये त्याने एकोणचाळीस पंप उचलले आणि प्रताप नगरात एक खोली भाड्याने घेऊन तिथे ठेवले. दोघं विमानाने मुंबईला जाऊन आले. नवी एजन्सी आमच्याच रस्त्यावरच्या समोरच्या दुकानाला मिळाली.

नरखेडची गिऱ्हाइकं सवयीने आधी आमच्याकडेच येत. पाणी पीत, पोराबाळांचं विचारत, मग बोअरच्या मोटारीची गोष्ट काढत. भाऊ पायरीपर्यंत येऊन त्यांना समोरचं दुकान दाखवी. काहींना अवघडल्यासारखं होई. ते उगाच एखादा वॉशर किंवा पट्टा घेऊन जात.

पुढच्या फेब्रुवारीत मी पुन्हा बेरीज केली. या वेळी एकशे बारा कमी होते. मी आकडा मोठ्याने सांगितला आणि वही मिटली.

"एवढे त्या खोलीत मावत नाही," भाऊ म्हणाला. "उद्या कचेरीतून येता येता अजून एक पाहून ये."

मी पाहून आलो. पहिल्या खोलीपासून दोन घरं सोडून मिळाली.