शेवळांचा पहिला घास

परवा पालघरच्या बाजारात शेवळांची जुडी हातात घेतली आणि बोईसरची आमची खोली आठवली.

बाबांची कंपनी बंद पडली होती. घरात तांदूळ होता, भाजीला काही नव्हतं. शेजारच्या जानीमावशीने गावाकडून आणलेली शेवळं दिली. सोबत मूठभर काकडं, म्हणजे आंबट, हिरवी रानफळं. "ही कुटून टाक हां, नायतर घसा खाजंल." आई सोलापूरकडची. तिने ही रानभाजी कधी पाहिलीही नव्हती.

भाजी शिजली. भावाने हात पुढे केला, तो आईने अडवला. "थांबा की. आधी मी खाते."

एक घास खाऊन ती थांबली. आम्ही तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. भातावरची वाफ विरत चालली होती.

"काय गं, खाजतंय का?" बाबांनी हळूच विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. बाबा तांब्या घेऊन उठलेच.

मला तेव्हा फक्त भूक कळत होती. आज, घरातली पहिली पदवीधर होऊन स्वतःचं घर चालवताना कळतं, तो घास घेताना आईला किती धास्ती वाटली असेल.

"बसा खाली," आई म्हणाली, "मिरची जास्त झालीय." आणि तिने ताटं पुढे ओढली.