आवतनाचा फोटो

आजच्या घडीला माझ्या घरात कॅमेऱ्याच्या सहा बॅगा आहेत आणि सहाही मला नकोशा आहेत. एक खांद्याला काचते. एकीनं पाठीला घामाच्या धारा लागतात. एक कमरेला बांधली की मी एसटीची कंडक्टर दिसते. चौथी इतकी देखणी आहे की धुळीत टेकवायची हिंमत होत नाही. उरलेल्या दोन काहून घेतल्या, ते आता मलाही आठवत नाही. आमचे हे म्हणतात, लोकांच्या बायका सोनं मागतात, आमची थैल्या मागते. बोलू देत. पाण्याच्या बाटलीहून जड काही ज्यांनी खांद्यावर घेतलं नाही, त्यांच्याशी कुठं डोकं लावायचं?

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि मला फिरून फोटो काढायची हौस लागली. हौस कसली, खाज म्हणा. यवतमाळात घरी बसून करमेचना. आज टिपेश्वर, उद्या पैनगंगेचा काठ, परवा झरी जामणीकडची गावं. आणि जिथं जावं तिथं हेच, की घरी ठेवलेली लेन्सच नेमकी आज हवी होती. मग पुढच्या खेपेला तीही घ्यायची. असं करता करता दोन कॅमेरे, तीन लेन्स, फ्लॅश, तिपाई, चार्जर आणि पावसाचं कव्हर एवढा संसार जमला. किराणावाल्याच्या काट्यावर एकदा ठेवून पाहिला, तर नऊ किलो. तो म्हणाला, मॅडम, एवढं तर मी पोरीच्या सासरी डाळीचं गाठोडंही देत नाही. उजव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ कायमचाच उमटला होता. डॉक्टरांनी ओझं कमी करा म्हटलं. मी येताना पाचवी बॅग घेऊन आले.

खरं तर ओझ्याचा प्रश्न बॅगेचा नव्हताच. तो ठरवण्याचा होता. काय घ्यायचं ते ठरवलं की काय सोडायचं तेही ठरवावं लागतं, आणि ते माझ्याच्यानं होत नव्हतं. मी सगळंच उचलायची आणि मग सगळ्यांवरच चिडायची.

तशात मुकुटबनकडून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, कापूस आणि तुरीची शेती करतो. पोळा आठ दिवसांवर होता. दादा फोनवर कामापुरतं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोलत राहिला. गुडघे चालत नाहीत, पोरगा पुण्याला नोकरीत रमला, वखरणी-पेरणी ट्रॅक्टरनं होते. पोळा झाला की जोडी देऊन टाकणार. राजूरकडचा एक शेतकरी घेऊन जाणार होता, माणूस चांगला आहे म्हणाला. अकरा वर्षं ती जोडी दादाकडे होती. आणि मग तो अडखळत म्हणाला, "बाई, खांदशेकणीले येजो. आवतन देतानाचा एक फोटो काढून दे मले. एकच."

दादानं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. शाळेत असताना माझं दप्तर त्यानं वाहिलं, नोकरी लागली तेव्हा माझी पेटी स्टँडवर त्यानंच डोक्यावरून नेली. त्याला फोटो देणं एवढी एक गोष्ट माझ्या हातची होती. मी म्हटलं, एक कशाला, शंभर काढते.

खांदशेकणी म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. बैलांना नाल्यावर धुऊन आणतात, हळद आणि तूप कोमट करतात आणि पळसाच्या पानानं त्यांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात ना, त्यावर. मग मालक बैलाच्या कानाशी वाकतो आणि उद्या आपल्या घरी जेवायला या म्हणून सांगतो. हे आवतन. एकदाच द्यायचं असतं. माणसाला जेवायला बोलावून परत बोलावलं, तर पहिल्यांदा मनापासून बोलावलं नव्हतं असं होतं; बैलाचंही तेच. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरीही माझ्याकडून जे व्हायचं ते झालंच.

निघायच्या आधी दोन दिवस मी नुसती घरात येरझाऱ्या घालत होते. गोठ्यात अंधार असणार, म्हणजे पस्तीसची लेन्स हवी; ती कमी उजेडातही चालते आणि जवळून घेता येतं. एक कॅमेरा, ती एक लेन्स, विषय संपला. एवढं मला कळत होतं हो. पण वाटेत नाल्यावर बैल धुताना दुरून घ्यायचे झाले तर? मग लांबची लेन्स. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे राहतील, ते एका फ्रेममध्ये कसे मावणार? मग रुंद घेणारी. दुसरा कॅमेरा बिघडला तर म्हणून पहिला आणि पहिला बिघडला तर म्हणून दुसरा. शेवटी पाठीवरची मोठी बॅग गच्च भरली आणि पस्तीसची लेन्स, जी खरं म्हणजे हातात असायला हवी, ती मऊ जागा म्हणून तळाशी रेनकोटच्या खाली गेली.

वणीला गाडी बदलली. बॅग मांडीवर, तिपाई पायात, शेजारची बाई दोनदा म्हणाली की वरती ठेवून द्या. मी कसली ठेवते. बाहेर कोळशाच्या ट्रकची रांग होती, खिडकीतून काळी धूळ येत होती आणि मी बॅगेची चेन परत परत तपासत होते. मुकुटबनला उतरले तेव्हा उजवा हात बधिर झाला होता. वहिनी बॅग घ्यायला पुढे झाली आणि वजनानं जागीच वाकली. तिनं विचारलं, यात दळायचं जातं भरून आणलं का.

नाल्यावर मी लांबच्या लेन्सनं काढत सुटले. पाण्यात उभी जोडी, अंगावरून निथळणारं पाणी, दादा गवताच्या चुंबळीनं पाठी घासतोय. छान येत होते. छान आले की माणूस थांबत नाही. घरी आलो तरी माझ्या कॅमेऱ्याला तीच लेन्स होती. वहिनीनं वाटीत हळद-तूप आणलं. गोठा तो केवढा, दोन बैल आणि एक माणूस उभा राहिला की भरला. मी दाराशी उभी राहिले आणि कॅमेऱ्यात मला बैलाचं फक्त एक शिंग दिसलं. आता आली का पंचाईत?

मी ओसरीवर बॅग टाकली आणि उपसायला लागले. चार्जर निघाला, फ्लॅश निघाला, रुंद लेन्स निघाली. रेनकोट अडकला. दादा आत पळसाचं पान फिरवत होता, त्याचं काम शांतपणे चाललं होतं. आधी उजव्या बाजूचा बैल झाला. मग डाव्या बाजूचा, ज्याचा खांदा कायम नाजूक, त्याला जरा जास्त वेळ दिला. मी ओरडले असते, दादा, थांब जरा. पण देवपूजेत कोणी माणसाला थांबवतं का? मला वाटलं, होईल आपलं. लेन्स हातात आली, झाकण निघेना, बोटं घामेजलेली. ती कॅमेऱ्यावर बसल्याचा खट् आवाज आला आणि मी मान वर केली, तर दादा बैलाच्या कानापासून सरळ होत होता. डोळे पुसत होता. दोघांनाही सांगून झालं होतं.

परत कर म्हणायची सोय नव्हती. तसं म्हटलं असतं तर दादा काही बोलला नसता, पण मी त्याच्या नजरेतून उतरले असते, कायमची. तो बाहेर आला, हाताची हळद खांबाला पुसली आणि विचारलं, "आला काय माहा फोटो?"

मी म्हटलं, आला.

हे खोटं मी का बोलले? आजही मला माझा राग येतो. बोलले खरी.

दुसऱ्या दिवशी पोळा झाला. तोरणाखाली जोडी उभी राहिली, पोळ्याच्या झडत्या गाऊन झाल्या, वहिनीनं ओवाळलं, मी दोनशे फोटो काढले आणि एकातही माझं लक्ष नव्हतं. आठ दिवसांनी जोडी राजूरला गेली. मग दादाचे फोन सुरू झाले. आधी पावसाचं, बोंडअळीचं बोलायचा, आणि ठेवताना हमखास विचारायचा, फोटो कधी आणतेस. मी म्हणायची, मोठा करायला टाकलाय. मग म्हणाले फ्रेमवाला आजारी आहे. पुढे तर काय सांगितलं तेही लक्षात राहिलं नाही. स्क्रीनवर दादाचं नाव दिसलं की शेवटच्या रिंगपर्यंत मी फोन तसाच वाजू द्यायची. इतर कुठं फिरायला जावंसंही वाटेना. बॅगा कपाटात पडून राहिल्या.

कापूस वेचणीला आला तेव्हा मला सहन होईना. उठले आणि गेले. या वेळी बॅग घेतली नाही. एक कॅमेरा, त्यावर पस्तीसची लेन्स, पट्टा आडवा गळ्यात, वरून दुपट्टा. काही जाणवत नव्हतं खांद्याला. इतकं सोपं होतं ते, आणि मला साठी ओलांडावी लागली.

दादाच्या घरात पुढच्या खोलीत कॅलेंडर काढून ठेवलं होतं आणि भिंतीला नवा खिळा होता. मला उभ्या उभ्याच रडू फुटलं. मी सगळं सांगितलं. गोठा, लांबची लेन्स, रेनकोट, सगळं. दादा ओसरीवर बसून कापसातली काडी-कचरा काढत होता. त्याचे हात थांबले नाहीत. काडी काढता काढताच म्हणाला, "मंग एवढे दिवस तू मले काय सांगून राह्यली व्हती?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. वहिनीनं मला आत बोलावून पाणी दिलं. जेवताना तो नेहमीसारखं वाढ म्हणाला, घे म्हणाला, बस.

सकाळी मात्र त्यानं स्वतःच विषय काढला, चाल, राजूरले जाऊ, बैल पाहून येऊ. मला वाटलं, सुटले. आवतनाचा नाही तर नाही, जोडीसोबत दादाचा एक फोटो तर होईल, खिळ्याला काहीतरी लागेल. गाडीत मी तीनदा बॅटरी तपासली. सेटिंग लावून ठेवली. या खेपेला माझं काहीही चुकणार नव्हतं.

तिथला शेतकरी खरंच चांगला माणूस निघाला. चहा ठेवा म्हणून घरात सांगितलं आणि आम्हाला मागं दावणीकडे घेऊन गेला. बैल गव्हाणीत तोंड घालून होते. दादाची चप्पल वाजली तसं डाव्यानं मान वर केली आणि हंबरला. दोरी ताणून पुढे आला. दादा त्याच्यापासून हातभर लांब थांबला. उजेड कोवळा होता, दादाचा चेहरा आणि बैलाचं तोंड एका फ्रेममध्ये स्वच्छ दिसत होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"नको काढू, बाई," दादा मागे न पाहता म्हणाला. "हे आता त्याईचे बैल हायेत. दुसऱ्याच्या दावणीचा फोटो माह्या भिंतीवर कायले लावू?"

मी कॅमेरा खाली घेतला. दादानं बैलाला हात लावला नाही. त्या शेतकऱ्याकडे वळून त्यानं सांगितलं, डाव्याचा खांदा लवकर सोलते, जुवाखाली जुनं कापड देत जा, आणि चढावर त्याले हाणू नका, तो आपल्या मनानं ओढते. शेतकरी हो हो म्हणत होता. दादानं तेच परत एकदा सांगितलं. मग आम्ही चहा प्यालो आणि निघालो. बैल दिसेनासा होईपर्यंत दोरी ताणूनच उभा होता, पण दादानं वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

अजूनही दर आठवड्याला दादाचा फोन येतो. तुरीचं सांगतो, गुडघ्याचं सांगतो, तुझा खांदा कसा आहे म्हणून विचारतो. फोटोचं विचारत नाही. बोलणं संपलं तरी मी फोन कानालाच धरून थांबते, विचारेल म्हणून. तो बरं म्हणतो आणि ठेवून देतो.