नळाला पाणी नसलं की नेट चालतं

तक्रार कुठल्या भाषेत करायची, हे कर्नाटक सीमेवरच्या खजुरीच्या श्रीमंत बिरादाराला अनुभवानं कळलं होतं. इंटरनेट कंपनीच्या फोनवर एक दाबलं की कन्नड, दोन दाबलं की हिंदी. कन्नडात तो अदबीनं बोलायचा, म्हणून त्याला ताटकळत ठेवत. दखनी हिंदीत तो भांडायचा, म्हणून माफी तरी लवकर मिळे. मराठीला बटण नव्हतं. ती फोन ठेवल्यावर कामी यायची.

२०१० च्या दसऱ्यानंतर त्याच्या नेटच्या दुकानातल्या मोडेमचा दिवा रोज सकाळी आठला लाल होऊ लागला आणि एकच्या सुमारास आपोआप हिरवा. दोनला करंट जायचा, तो दुकान बंद करायच्या वेळेला यायचा.

"मॅडम, मोडेम कू रोज चार बार बुझाके जलारौं मैं!"

"सर, एकदा परत बंद करून चालू करा," बंगळूरची मॅडम तिच्या हिंदीत सांगे.

लाईनमन मडिवाळप्पा तालुक्याच्या आळंदहून दुपारच्या बसनं यायचा, तेव्हा नेमका दिवा हिरवा. "लाईन झकास हाय की, अण्णा," म्हणून चहा पिऊन, तक्रार मिटल्याचं लिहून तो निघून जाई.

श्रीमंतची पोरगी अंजू नर्सिंग शिकून बसली होती. सरकारी भरतीचा अर्ज नेटवरूनच भरायचा होता, पण दुपारच्या त्या एका तासात तिचा फोटो अर्ध्यावर अडकायचा.

"अप्पा, मी आळंदला जाऊन भरते."

"नेटवाल्याची पोरगी दुसऱ्याच्या दुकानात अर्ज भरनार व्हय?"

या प्रश्नावर दोन आठवडे गेले. श्रीमंत कॅलेंडरवर रोजची वेळ लिहीत होता. त्यात त्याला दोनच सकाळी अशा सापडल्या, की दिवा हिरवाच राहिला होता. त्या दोन्ही दिवशी गावात नळ आला नव्हता. त्यानं मोठ्या उत्साहानं फोन लावला.

"सर, नळाचा आणि इंटरनेटचा संबंध नसतो."

"मेरेकू बी वैसाच लगरा. फिर ऐसा कायकू होरा?"

मॅडमनं त्याची तक्रार पुन्हा वाचली. मग म्हणाली, "मोडेम एकदा बंद करून चालू करा."

अर्जाच्या शेवटच्या दिवशी साडेसातलाच बापलेक घराबाहेर पडले. दुकानातून निघालेली वायर बघत बघत ते वेशीजवळच्या कडुलिंबाखाली आले. वायर तिथल्या टेलिफोनच्या जुन्या लोखंडी पेटीत शिरत होती. दार सैल, रंग उडालेला, अंगभर हळदीकुंकू. समोर भरली घागर घेऊन वेशीजवळच राहणारी तानुबाई उभी.

"अक्का, थांब! काय करायलीस?" श्रीमंत ओरडला.

"दिसंना व्हय? देवाला पानी घालायले. नळ आला की पैली घागर ह्याचीच."

"ह्यो कुठला देव?"

"मला काय ठाव. दसऱ्याला बघितलं तर कुंकू लावलेलं, नारळ फोडलेला. कुन्या शान्या मानसानंच केलं असंल की."

अंजूनं बापाकडं बघितलं. खंडेनवमीला अवजारांची पूजा करताना श्रीमंतनं कॉम्प्युटरला, प्रिंटरला, मोडेमला कुंकू लावलं होतं. पोट ज्या वायरीवर चालतं तिचं टोक कामून सोडायचं, म्हणून तो नारळ घेऊन पेटीपर्यंत आला होता.

"अक्का, ह्याला पानी चालत न्हाई, आत शिरलं की दुपारी वाळंपातूर लाईन बंद पडती," तो हळूच म्हणाला. "आज माझ्या पोरीचा अर्ज ह्याच्याच हातात हाय."

"मग उचललेली घागर माघारी नेऊ?"

श्रीमंतनं वर बघितलं. "कडुलिंबाला घाल. सावली त्याचीच हाय की."

तानुबाईनं सगळ्याचा विचार केला, पोरीकडं एकदा बघितलं आणि घागर कडुलिंबाच्या बुडाशी रिती केली.

दुकानात आठ वाजले, दिवा हिरवाच. सव्वाआठला अंजूचा फोटो चढला, साडेआठला अर्ज गेला. तिनं पावती तीनदा छापली.

चार दिवसांनी मॅडमचा आपण होऊन फोन आला. तक्रार बंद करायची होती, काय केल्यावर चालू झालं ते लिहायचं होतं. श्रीमंतनं खिडकीतून वेशीकडं बघितलं. कडुलिंबाला कुणीतरी कुंकू लावलं होतं.

"मोडेम बंद करके चालू करा मैं, मॅडम," तो म्हणाला.

"बघा सर," मॅडम म्हणाली, "आम्ही तेच सांगत होतो."