जमिनीने खाल्लेला बनियन

जयपुरात तीन वर्षं काढून हवामहालाकडे एकदाही मान वर करून न पाहिलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आम्ही सगळी भाचरं त्यांना आतोबा म्हणायचो. ते सरकारी खात्यात मृदा अधिकारी होते आणि त्यांची नजर कायम जमिनीवर असायची. ऐंशीच्या दशकात बँकेच्या पहिल्याच नेमणुकीवर मी जयपूरला गेले आणि आदर्श नगरात त्यांच्याकडेच राहिले. पहिल्या रविवारी ते मला शहर दाखवायला म्हणून घेऊन निघाले आणि दाखवलं काय, तर आमेरपलीकडचं एक गवताळ रान. तिथे तीन तास मी धामण गवताचे ठोंब बघितले. परतताना बसमध्ये त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "मग, कसं वाटलं जयपूर?"

कुणाकडे चहाला गेले की त्यांचा हात बिस्किटांआधी तुळशीच्या कुंडीकडे जाई. चिमूटभर माती नाकाशी धरून ते यजमानीणबाईंना सांगत, "पाणी भरपूर घालता तुम्ही, पण हिला जेवायला काही देत नाही." त्या बिचाऱ्या ओशाळून आत्याकडे बघत आणि आत्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

पण गवताचा विषय निघाला की हा माणूस उजळून निघायचा. "अगं, झाड आपली कमाई खोडात मिरवतं. गवत तसं नाही," ते सांगत. "हवेतला कर्ब ओढायचा आणि बराचसा गुपचूप खाली उतरवायचा. मुळांतून गोड रस झिरपतो, त्यावर जिवाणू पोसतात, मरतात आणि त्यांचे अवशेष मातीच्या कणांना चिकटून बसतात. वर्षानुवर्षं! नांगर फिरवला की उघडं पडतं सगळं, आणि तो कर्ब पुन्हा हवेत."

हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण सुती कापड खाऊन फस्त करतात, म्हणून ते दाखवण्यासाठी आतोबांनी स्वतःचे सुती बनियन पुरायला सुरुवात केली. दोरीवरून बनियन नाहीसे होऊ लागले तेव्हा आत्याने आधी माकडांना शिव्या घातल्या. खरा प्रकार कळल्यावर म्हणाली, "अहो, निदान फाटके तरी न्या!" त्यावर आतोबा गंभीरपणे म्हणाले, "फाटका नेला तर तो जिवाणूंनी फाडला हे सिद्ध कसं करू?"

त्याच वर्षी खात्याने ते आमेरचं रान नांगरून तिथे निलगिरी लावायचं ठरवलं. साहेबांच्या लेखी ती पडीक जमीन होती. आतोबांनी तीन अर्ज केले. उत्तर आलं नाही. मग पावसाच्या सुरुवातीला त्यांनी एक नवा बनियन रानातल्या गवताखाली पुरला आणि दुसरा शेजारच्या, वर्षानुवर्षं नांगरून उघड्या पडलेल्या तुकड्यात. दसऱ्यानंतर साहेब पाहणीला यायचे होते. त्याच्या आदल्या दोन दिवसांत, निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या या माणसाने मजुराबरोबर स्वतः कुदळ चालवून रानात छातीइतका खोल खड्डा खणला. रजा टाकून मीही गेले होते. आत्याही आली होती. उन्हाने त्यांना चक्कर येईल म्हणून, असं ती म्हणाली.

साहेब जीपमधून उतरले तेव्हा आतोबा इस्त्रीच्या सफारीत खड्ड्यात उभे होते. भोवतीच्या भिंतीतून केसांसारखी मुळं थेट त्यांच्या पायापर्यंत उतरली होती. उघड्या तुकड्यातला बनियन त्यांनी वर धरला. धुऊन अंगात घालावा असा धडधाकट. मग गवताखालचा. त्याची गळ्याची पट्टी आणि थोड्या चिंध्या उरल्या होत्या.

"ये क्या धोबीघाट लगा रखा है?" साहेब म्हणाले. बरोबरचे लोक हसले.

आतोबा हसले नाहीत. आपल्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाले, "सर, जिधर बनियन खाया, उधर जमीन जिंदा है. नांगर चलाया तो मरेंगी."

तेवढ्यात आत्या पुढे झाली. "साहब, तीन महिने से ये आदमी घर में ठीक से खाया नहीं है. एक बार नीचे उतर के देख तो लीजिए." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, बूट सावरले आणि खरोखरच खड्ड्यात उतरले. मुळं हाताने चाचपली, काळसर माती चुरगाळली, नाकाशी नेली. मग हात झटकत म्हणाले, "आधा छोड़ देते हैं."

"कौनसा आधा, सर?" आतोबांनी लगेच विचारलं, आणि उताराकडचा, जास्त दाट गवताचा भाग तिथल्या तिथे खुंट्या ठोकून आखून घेतला. त्या दिवशी त्या मातीने माखलेल्या माणसाची मी भाची आहे, हे जीपच्या ड्रायव्हरला मी विनाकारण दोनदा सांगितलं. उरलेला अर्धा भाग पुढच्याच आठवड्यात नांगरला गेला. आतोबा त्या बाजूला पुन्हा फिरकले नाहीत.

निवृत्त होऊन ते अमरावतीला गेले. मी जयपुरातच होते. दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं. खुशालीची एक ओळ आणि खाली, "यंदा रानात गवत फुललं का?" पहिली दोन वर्षं मी जाऊन बघून आले आणि सविस्तर लिहिलं. तिसऱ्या वर्षी बँकेत तपासणी चालू होती, जाणं जमलं नाही. मी घरीच बसून लिहिलं, "छान फुललंय. कमरेइतकं आहे."

त्यांचं उलट टपाली उत्तर आलं. "वाचून फार बरं वाटलं. तू आवर्जून जातेस, म्हणून मला इथे स्वस्थ झोप लागते."