पाद्र्यांना झोडपणाऱ्या लेखकाला घेऊन चर्चला

नाशिकच्या कॉन्व्हेंटात दर शुक्रवारी दुपारी चॅपलमधले मेणबत्त्यांचे पितळी स्टँड चिंचेने घासायचं काम लूसीकडे आणि माझ्याकडे असायचं. मी कुलकर्ण्यांची, ती वसईची. निम्मी चिंच स्टँडला लागायची, निम्मी आमच्या पोटात जायची. एकदा घासता घासता लूसीने सिस्टरांना विचारलं, "येशू अनवाणी फिरायचा, मग बिशपांना मोटार कशाला?" सिस्टरांनी उत्तर म्हणून आणखी चार स्टँड आमच्यापुढे आणून ठेवले.

आता आम्ही दोघी दिल्लीच्या मयूर विहारमध्ये एकाच सोसायटीत राहतो. दोघींच्या गुडघ्यांचा डॉक्टरही एकच. लूसी रोज संध्याकाळी जपमाळ ओढते, पण सहा वर्षं तिने चर्चची पायरी चढली नव्हती. तिचा नवरा विल्सन हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. तो गेला तेव्हा शवपेटीपाशी उभं राहून तेव्हाचे फादर म्हणाले, हा माणूस रविवारी कधी दिसला नाही, यापासून आपण धडा घ्यावा. लूसी उभी राहिली, "रविवारी हाडं मोडत नाहीत का, फादर?" एवढंच म्हणाली आणि दफन झाल्यावर जी घरी आली ती आलीच.

गेल्या महिन्यात नोएडात राहणाऱ्या तिच्या मुलाने, ग्लेनने, बाळाच्या बाप्तिस्म्याचा रविवार ठरवला. लूसी म्हणाली, "मी बाहेर थांबेन." सून मारिसेल फिलिपिन्सची. लूसीने शिकवलेलं मराठी ती धीटपणे बोलते. लूसीला तिच्या देशातला एक लेखक फार आवडतो, तोही मारिसेलनेच वाचायला दिलेला. आईच्या मांडीवर प्रार्थना शिकला, पाद्र्यांच्याच शाळेत शिकला आणि मोठेपणी कादंबऱ्यांतून जुलमी पाद्र्यांचे वाभाडे काढले. स्पॅनिश सरकारने त्याला गोळ्या घातल्या. शेवटी त्याने चर्चशी समेट केला की नाही, यावर तिकडे अजून भांडणं होतात. मारिसेलचे दोन मामा त्यापायी एका टेबलावर जेवत नाहीत.

"तो चर्चमध्ये येणार असेल तर मीही येते," लूसी चिडून म्हणाली.

मारिसेलने हे शब्दशः घेतलं आणि गाझियाबादेत त्याचा अर्धपुतळा करायला टाकला.

शनिवारी सकाळी तो आणायला आम्ही दोघी निघालो. तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर मयूर विहारहून मेट्रोच्या पिंक लाइनने आनंद विहार गाठा आणि तिथून ब्लू लाइनने वैशाली. गाडी बदलताना बरंच चालावं लागतं, चपला साध्या घाला. वैशाली स्टेशनच्या बाहेर कुलचे-छोले खाल्ले. चाळीस रुपयांत पोट भरतं; वरचा कच्चा कांदा मात्र आमच्या वयात जपून.

मूर्तिकाराच्या शेडमध्ये एका रांगेत नेते उभे होते, एका रांगेत देव. शेवटी आमचा लेखक: कोट, टाय, भांग. आणि डोळ्यांवर जाडजूड काळा चष्मा.

"ये चश्मा किसका है?" लूसीने विचारलं.

"इन्हीं का है, आंटीजी."

"फोटो में तो नहीं था!"

"कोट-टाई वालों को हम चश्मा देते ही हैं," मूर्तिकार समजुतीच्या सुरात म्हणाला. "बिना चश्मे के पब्लिक लौटा देती है."

काढून देता येईल का, असं मी विचारलं. त्याने चष्म्यावर टिचकी मारली. "निकल जाएगा. नाक भी साथ में आएगी."

नाक ठेवून घेतलं.

मेट्रोत त्याला नेणं शक्य नव्हतं, म्हणून कॅब केली. मागच्या सीटवर आम्ही दोघी आणि मधे तो. इंदिरापुरमच्या वळणावर गाडी टुंईटुंई वाजायला लागली. ड्रायव्हर वळून म्हणाला, "बाबूजी को बेल्ट लगवा दो, आंटी. गाड़ी सवारी समझ रही है." लूसीने त्याला पट्टा बांधला. वर टायही सरळ केला, जो प्लॅस्टरचा होता. सिग्नलला एका स्कूटरवाल्याने काचेतून आत पाहिलं आणि अदबीने हात जोडले. आम्हीही जोडले, दुसरं काय करणार?

नोएडात ग्लेनच्या सोसायटीच्या गेटवर गार्डने अडवलं. "तीन विज़िटर?"

"दो," मी म्हणाले. "ये तो मूर्ती है."

"मूर्ती के लिए ऑप्शन नहीं है, मैडम." त्याने मोबाइल पुतळ्यासमोर धरून त्याचा फोटो काढला. दहाव्या मजल्यावर ग्लेनच्या फोनवर विचारणा गेली: मेहमान को आने दें? ग्लेनने परवानगी दिली आणि लेखकमहाशय रीतसर आत आले. रात्री मारिसेलने ॲडोबो केला, म्हणजे व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं चिकन. गरम भाताबरोबर अप्रतिम लागतं. चष्मा पाहून ती आधी रडली, मग हसली. "मम्मी, तो आला. आता तू पण."

"बघू," लूसी म्हणाली. मला तिचा 'बघू' माहीत आहे. त्याचा अर्थ 'नाही'.

रविवारी ग्लेनने पुतळा चर्चमध्ये नेऊन बाजूच्या भिंतीशी एका स्टुलावर ठेवला. लूसी अंगणातल्या बाकावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी तिच्याशेजारी.

"अगं, एकुलता एक नातू आहे तुझा."

"मला ठाऊक आहे, शामे. आत गेले की मला विल्सनची पेटीच दिसणार. तू जा."

मी गेले नाही. उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. एका वयस्क बाईने पुतळ्यापाशी थांबून शेजारणीला विचारलं, "ये कौन से संत हैं?" शेजारणीने नीट निरखून सांगितलं, "चश्मा है ना? आँखों के होंगे." पहिलीने लगेच मेणबत्ती लावली, चष्म्याला बोटं लावली आणि आपल्या पापण्यांना लावली. तिच्यामागे दुसरी आली. मग मोतीबिंदूवाले एक काका. बघता बघता रांग लागली.

लूसी बाकावरून उठली. गुडघ्याला हात न लावता उठली, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

"अरे, संत नाहीये तो!" ती दारातून ओरडली. मग हिंदीत, "आप लोग क्या कर रहे हैं? इन्होंने ज़िंदगीभर फ़ादर लोगों को सुनाया है!" आणि तरातरा आत जाऊन तिने फुंकर मारून मेणबत्त्या विझवायला सुरुवात केली.

झारखंडचे तरुण फादर वेदीवरून खाली आले. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, लूसीकडे पाहिलं.

"फ़ादर लोगों को सुनाया, तो आगे बिठाइए," ते म्हणाले. "पीछे से हमें सुनाई नहीं देता. और आंटी, आप अंदर आ ही गई हैं, तो बच्चे को पकड़िए."

लूसीने खाली पाहिलं. ती चर्चच्या ऐन मध्यावर उभी होती. मारिसेलने बाळ तिच्या हातात दिलं. पाणी घालण्याआधी फादर विचारतात, ईश्वरावर तुमचा विश्वास आहे का. सगळे एका सुरात हो म्हणाले. लूसीचा आवाज मागाहून आला.

"है. ईश्वर पर है. फ़ादर लोगों का देखेंगे."

"सवाल में फ़ादर हैं ही नहीं, आंटी," ते म्हणाले आणि त्यांनी बाळाच्या कपाळावर पाणी ओतलं. बाळाने टाहो फोडला. लूसीही रडली, बाळापेक्षा हळू आणि जास्त वेळ.

संध्याकाळी मेट्रोने मयूर विहारला परतलो. या सहलीत बघण्यासारखं स्थळ एकही नव्हतं, तरी मी पुन्हा जाईन. लूसीचं पुढच्या रविवारचं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. तिने माझ्याकडे चहा घेतला आणि बाप्तिस्म्याच्या केकचा डबा उघडून वाटणी सांगायला लागली. ती तशीच उतरवते, कारण डबा माझ्या फ्रिजमध्ये आहे.

एक तुकडा झारखंडच्या फादरांना, ग्लेनच्या हाती. एक गार्डला. चष्मा चांगला बसवला म्हणून एक मूर्तिकाराला. कोण नेणार ते मी ठरवायचं. पुतळा बाळाचा, पण ते वाचायला लागल्यावर. तोवर मारिसेलकडे, आणि मामा आले तर दोघांच्या मधे ठेवायचा.

"आणि विल्सनच्या वेळचे ते फादर?" मी विचारलं. ते आता दिल्लीतच, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात असतात.

लूसीने सुरी हातात घेतली आणि डबा स्वतःकडे ओढला.

"त्यांना कडेचा दे," ती म्हणाली. "आयसिंग काढून. शुगर आहे त्यांना."