मावसाजींचं पडणं

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात आमच्या मावसाजींइतकं सुंदर कुणी पडत नाही. हे मी प्रेमापोटी म्हणते असं वाटत असेल तर कळमनुरीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जाऊन कुणालाही विचारा. तसे पडतात सगळेच. कुणी मोटारसायकलवरून पडतं, कुणी निवडणुकीत पडतं, कुणी सासुरवाडीत तोंडावर पडतं. पण ते नाइलाजाचं पडणं. मावसाजी हौसेनं पडत. मोंढ्यात मापाडी म्हणून काट्याजवळ उभं राहून त्यांनी जन्म काढला. काट्यावर असताना चेहरा असा की पंचनाम्याला आलेत. पण काटा बंद झाला की हाच माणूस पोत्यावरून, शिडीवरून, टेम्पोच्या फाळक्यावरून आणि काहीच सापडलं नाही तर सपाट जमिनीवरून पडायचा. आधी एक पाय वर जायचा, मग तो पहिला कुठं गेला हे बघायला दुसरा जायचा, आणि क्षणभर माणूस हवेत असा आडवा, जसा काही बाजेवर निजलाय. मग धप्प. डोक्यावरची पांढरी टोपी मात्र जिथल्या तिथं. उठायचे, टोपी नीट करायचे, जमिनीकडे रागानं बघायचे आणि गंभीर चेहऱ्यानं चालू लागायचे. हमाल पोती टाकून पोट धरून बसायचे.

ही विद्या त्यांना आखाडा बाळापूरच्या बाजारात मिळाली. त्यांच्या तरुणपणी तिथं तंबूतला सिनेमा यायचा. आवाजाचं यंत्र बिघडलं की लोकांनी गोंधळ घालू नये म्हणून मालक कुठल्या तरी साहेबाच्या देशातली जुनं मुकं रीळ लावायचा, आणि यंत्र तर रोजच बिघडायचं. त्या रिळात एक उंच रंगारी शिडीवर चढायचा, उतरताना रंगाच्या बादलीत पाय घालायचा, बादलीसकट पळताना खांद्यावरच्या फळीनं शिपायाला आडवा करायचा आणि शेवटी स्वतः पाण्याच्या हौदात पडायचा. एवढीच गोष्ट. बाकीची मंडळी पोटभर हसून घ्यायची आणि मग पुढचा बोलका सिनेमा कधी सुरू होतो म्हणून ओरडायची, आणि मावसाजी मनातल्या मनात म्हणायचे, यंत्र बिघडलेलंच राहू दे देवा. बोलक्या सिनेमातलं एक गाणं त्यांना पुरतं येत नाही, पण रंगाऱ्याचा कोणता पाय आधी घसरला ते झोपेतून उठवून विचारा.

त्या पडण्याचे त्यांचे नियम होते. मी शाळेत असताना त्यांनी माझ्याकडून ते पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते. मावशीला मूलबाळ नव्हतं. म्हणून माझ्या आईनं मला आठवीपासून तिच्याकडे ठेवलं आणि मी त्यांचीच झाले. मावसाजी म्हणायचे, "पोरी, पडताना तोंडातून आवाज काढायचा न्हाई. माणूस ओरडला की लोकाला त्याची कीव येते. मुका पडला की हसू येते." दुसरा नियम, आपण हसायचं नाही. तिसरा, टोपी पडली तर ते पडणं नापास. अलीकडे मी त्यांना मोबाइल घेऊन दिला तर त्यांनी त्यावर तसले मुके सिनेमे शोधून काढले, आणि आवाज बंद करून बघू लागले. मी म्हटलं, "मावसाजी, सिनेमाच मुका आहे, मग आवाज काहून बंद करता?" तर म्हणाले, "मागून कुणीतरी पेटी वाजवून राहिलंय. त्यानं पडण्यावरचं ध्यान उडते."

साहेबांच्या देशात घसरायला केळीची साल लागते. आमच्याकडे ते काम सोयाबीन करतं. मोंढ्यात हंगामात फरशीवर दाणे सांडलेले असतात आणि त्यावरून भल्याभल्यांचे पाय जातात. पण मावसाजी त्यावर असे काही घसरायचे की दाण्यांनाही धन्य वाटावं. तिकडं तोंडावर मलईचं काहीतरी फेकून मारतात म्हणे. आमच्याकडे हळद. माझ्या लग्नात हळदीची परात घेऊन ते मांडवात आले, नवरदेवाच्या मामाला अदबीनं वाकून नमस्कार केला आणि परतीच्या पावली परातीतच बसले. उठले तेव्हा मागून पिवळे आणि पुढून कोरे करकरीत. नवरदेवाकडची रुसलेली मंडळी हसता हसता जेवायला बसली. मानपानाचं भांडण त्या पडण्यानं मिटलं, हे आजही माझ्या सासूबाई कबूल करतात.

सारा गाव हसायचा, मीही हसायची. हसायची नाही ती एकटी मावशी. मावसाजी पडले की ती हातातलं टाकून धावायची. पिठाचे हात तसेच, पदर घसरलेला, आणि तोंडात एकच, "अहो, लागलं का?" की सगळ्या पडण्याचा विचका. हसणारे ओशाळून पांगायचे आणि मावसाजी धुसफुसत उठायचे. "अगं, मुद्दाम पडून राहिलो मी." तरी ती कोपर दाबून बघायची, गुडघा चाचपायची, रात्री तेल गरम करून आणायची. जन्मभर एकच उमेद धरली या माणसानं, की ही बाई एकदा आपल्याला हसावी. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला मुद्दाम बाळापूरच्या तंबूत नेऊन तो रंगारी दाखवला. सगळा तंबू हसून लोळतोय आणि मावशीनं डोळ्यांवर पदर ओढलेला. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्याच्या घरी कुणी असंल का न्हाई?" मावसाजींनी समजावलं की ते खोटंखोटं पडणं असतं. ती म्हणाली, "खोटं असलं तरी जिमीन तं खरीच हाय न." ही गोष्ट ते मला वैतागून सांगायचे, पण दर वेळी सांगायचे.

मावशीनं विसरायला सुरुवात केली ती मिठापासून. वरणात दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. मावसाजी मुकाट जेवायचे आणि मलाही डोळ्यानं दटावायचे. मग माझं नाव गेलं, मला ती माझ्या आईच्या नावानं हाक मारू लागली. आणि एके दिवशी मावसाजी मोंढ्यातून घरी आले तर तिनं डोक्यावरून पदर घेतला, पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत येऊन मला हळूच विचारलं, "बाई, हे पाव्हणे कुठले?" मी रडायला लागले. मावसाजी रडले नाहीत. त्यांनी पाव्हण्यासारखं पाणी प्यायलं, पाव्हण्यासारखी चप्पल दाराबाहेर काढली. त्या दिवसापासून ते स्वतःच्या घरात "येऊ का?" असं विचारून येतात. मी पाहिलेला सगळ्यात वाईट विनोद तो हाच, आणि मला त्याचं आजतागायत हसू आलेलं नाही.

हळूहळू तिचं बोलणंही आटलं. गेल्या दिवाळीच्या आधी तर महिना झाला होता, ती चकार शब्द बोलली नव्हती. बाजेवर बसायची, समोर बघायची. घास भरवला तर कधी घ्यायची, कधी तोंड मिटून घ्यायची. मी हिंगोलीला शाळेत शिकवते; शाळा सुटली की जायची, रविवारी राहायची. मावसाजींचं मनगट मागल्या वर्षी मोडलेलं, आणि नांदेडच्या हाडाच्या डॉक्टरनं बजावलेलं की आता पडायचं नाव नको, हाडं पापडासारखी झालीत, खुबा गेला तर पुन्हा उभे राहणार नाही. तेव्हापासून पडणं बंदच होतं. त्या रविवारी मात्र ते चुलीपाशी येऊन माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "आज पडावं म्हणतो."

"मावसाजी, डॉक्टरनं काय सांगितलंय? तुम्ही अंथरुणाला खिळलात तर तिचं कोण करणार?"

"ऐकून घे. नाव इसरली, गाव इसरली, मला इसरली. इसरू दे. पण मी पडलो की ‘लागलं का’ म्हणंल. ते तिनं डोक्यात ठेवलेलंच नव्हतं कधी. ते आपोआप तोंडात यायचं. एकदा ऐकतो, पोरी. फक्त एकदा." आणि मग खाली बघून म्हणाले, "एवढी वर्षं तकलीफ व्हायची त्या बोलण्याची. आता ते न्हाई तं घर खायला उठते."

मी नको म्हणायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. मीही त्या शब्दासाठी भुकेलेली होते.

अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. मावशीची बाज आम्ही दारात ओढली. मावसाजींनी धुतलेली टोपी घातली, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पोह्यांची ताटली, आणि घराच्या मागून वळसा घालून अंगणात आले. चेहरा काट्यावरचा. दाण्यांवर पाय पडला. पहिला पाय वर गेला, दुसरा त्याच्या मागे, तांब्यातलं पाणी उंच उडून त्यांच्याच अंगावर आणि पोहे दाढीवर, आणि धप्प. तोंडातून आवाज नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं इतकं देखणं पडणं मी पुन्हा बघणार नाही. पडल्या पडल्या त्यांनी मान वळवून मावशीकडं बघितलं.

मावशी बघत होती. डोळ्यांत काहीतरी हललं. ओठ हलले. आणि ती हसली. आधी पदराआड, मग पदर सुटला, मग खदखदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझा हात धरून म्हणाली, "बाई, हे पाव्हणे लई गमतीचे हायेत."

जन्मभर मागितलेलं हसू मावसाजींना असं मिळालं. ते तसेच पडून होते. टोपी डोक्यावरून निघून सोयाबीनमध्ये पडली होती, पहिल्यांदाच. मी हातातलं टाकून धावले आणि कोपर चाचपत माझ्याच तोंडातून निघालं, "मावसाजी, लागलं का?"

"व्हय," ते म्हणाले. "लई लागलं."

हाडं शाबूत होती. मी तेल गरम करून आणलं, तेव्हा म्हणाले, "तंबूतले लोक एवढे काहून हसायचे ते आता कळलं. तो रंगारी त्यातल्या कुणाचाच कुणी नव्हता." दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बाजेवरून आपणहून बोलली: "ते पडणारे पाव्हणे आज येत न्हाईत का?" मावसाजींनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि मागल्या दारानं बाहेर गेले.

तेव्हापासून ते रोज येतात. अंगणात दोन गोधड्या घडी करून अंथरलेल्या असतात आणि पडणं आता पहिल्यासारखं उंच नाही, बसता बसता कलंडल्यासारखं आहे. पण मावशी हसते, आणि हसण्याच्या भरात मी भरवलेले चार घास खाते. मग तिचा डोळा लागतो आणि मावसाजी पाणी प्यायला आत येतात. मी विचारते, "लागलं का?" ते टोपी नीट करतात आणि म्हणतात, "थोडं."