नारळाची परीक्षा

पनवेलमध्ये ‘जमिनीच्या धंद्यात आहे’ म्हटलं की लोक खुर्ची पुढे सरकवतात. कारखान्यांच्या फरशीवर ओततात तो थर विकतो, असं कळलं की चहा अर्ध्या कपावर येतो. इतकी वर्षं नमुन्यांच्या लाद्या उचलून खांदा गेला, आता त्याचंही काही वाटत नाही.

उरणच्या रस्त्याला एका गाववाल्या मालकाने कोळंबी सोलायची शेड घातली होती. बाया दिवसभर ओल्यात उभ्या, आणि कोळंबी उकडल्यावर कढत पाणी तिथेच सांडायचं. मी दोन नमुने नेले. एक इपॉक्सीचा, तोंड दिसेल असा चकचकीत. दुसरा पॉलियुरेथेनचा, खरखरीत आणि दिसायला अगदी कळकट. मालकाने देवाचं नाव घेऊन दोन्हींवर एकेक नारळ फोडला. दोन्ही टिकले.

“तडा नाय गेला ना? मंग चकचकीतच बरी,” तो म्हणाला. बाहेरदेशचे खरेदीदार येतात, त्यांच्यावर छाप पडली पाहिजे.

मी म्हटलं, शेठ, नारळ वर्षातून एकदा, कढत पाणी रोज. त्याने हा चकचकीत थर सुटेल आणि ओल्यात पाय ठरणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्याने चकचकीत फरशी दुसऱ्याकडून करून घेतली.

पुढल्या वर्षी त्याचाच फोन आला. उकडायच्या टाकीजवळ थराला फुगे येऊन पापुद्रे निघाले होते, आणि तिथे एक बाई घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. सगळे तिला मावशी म्हणत. सोलण्यात तिचा हात धरणारी दुसरी कोणी नव्हती. आता ती दारात बसून बायांना गमबूट द्यायची. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण किती सहज म्हणतो. मला मालकाचा राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात जोर लागतो. मी पुन्हा तीच खरखरीत लादी पिशवीतून काढली. या वेळी मालकाने टाकीतलं कढत पाणी स्वतः लादीवर ओतलं, चपला काढून त्या ओल्यावर उभा राहिला आणि मान हलवली.

नवी फरशी झाली त्या सकाळी तो नारळ घेऊन आला आणि मावशीला पुढे बोलावलं.

“मावशी, तुमीच फोडा.”

तिने उजव्या हातात नारळ धरला. मनगट वाकेना. डाव्यात घेतला, उचलला, आणि तसाच खाली आणला.

“ही आदी का नाय टाकली?” तिने विचारलं. आवाजात भांडण नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं.

मालकाने नारळ तिच्या हातून घेतला आणि स्वतः आपटला. फरशीवर ओरखडाही उठला नाही. मग त्याने सगळ्यांना खोबरं वाटलं. मावशीपाशी तो सगळ्यात शेवटी गेला.